कलम अकरा

काशिनाथनं पाच पानं झेरॉक्स काढून दिली,
दहा रुपये घेतले आणि विचारलं,
"मॅडम, यंदा कवा निघलालाव?"
अजून सही केली नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

घरी येऊन पंख्याखाली वाचलं.
पगार तोच. आठवड्याचे तास दोनने वाढलेले.
कलम अकरा, प्रवास-सवलत:
करार वाढवल्यास शिक्षकाला आणि कुटुंबाला
जाण्यायेण्याचं विमानतिकीट,
मूळ गावाच्या सर्वांत जवळच्या आंतरराष्ट्रीय विमानतळापासून.

म्हणजे त्यांच्या लेखी माझं गाव हैदराबाद.
त्यापुढचे सव्वादोनशे किलोमीटर,
जहीराबादचा चहा, बिदरला बदललेली बस,
मांडीवरची सुक्या माशांची पिशवी
जिच्या वासानं शेजारची बाई उठून मागं गेली,
हे सगळं माझ्या खर्चानं.
उदगीर कुठल्याच पानावर नाही.

सामान माणशी तीस किलो.
पहिल्या वर्षी काट्यावर चौतीस भरलं
आणि मी तिथंच, मागची रांग खोळंबून ठेवत,
ज्वारीचं पीठ बाहेर काढलं.
काचेपलीकडं शुद्धोधन उभा होता.
मी हाताचं पीठ झटकत होते,
तो उलट हात हलवत राहिला.

कुटुंब म्हणजे कोण, तेही लिहून ठेवलंय:
पती किंवा पत्नी, आणि अठरा वर्षांखालची दोन मुलं.
तिकीट नको असेल तर रोख रक्कम.

आम्ही दोनदा रोख घेतली.
एक तिकीट लातूरला जाऊन शिकवणीच्या बाकावर बसलं,
दुसरं गच्चीवर चढलं, तिथं आता पाणी तापवतंय.
त्या दोन्ही सुट्ट्या मी बेटावरच काढल्या.
शाळा रिकामी. झेंड्याची दोरी
दिवसभर खांबावर टक्‌ टक्‌ आपटायची.
चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला विकतची बाटली.
इथं नळ आठव्या दिवशी.
दोन्हीकडं मी भांडी मोजूनच राहिले.

श्रावस्ती फोनवर म्हणायची, "आई, समुद्र दाखव."
मी मोबाईल खिडकीबाहेर धरायची.
"अडकलालंय गं."
"पुढच्या करारात तुला आणते."
हे मी तीनदा म्हणाले आहे,
तिसऱ्यांदा म्हणताना ती ऐकत नव्हती,
पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

आता तारखा बघते.
करार लागू एक जूनपासून.
श्रावस्ती नऊ मेला अठरा पूर्ण करते.
तेवीस दिवस.

मी कार्यालयाला लिहिलं, तेवीस दिवसांचं काही बघता येईल का.
फार सभ्य उत्तर आलं.
नियम सर्वांना सारखा आहे,
आणि खाली, वेगळ्या ओळीत,
आपल्या कन्येला वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा.

शुद्धोधन म्हणाला, "तिचं तिकीट आपण काढू."
एसटीच्या कार्यशाळेतून आला होता, नखांत ग्रीस,
पान न मळू देता लांबूनच बघत होता.

श्रावस्तीनं पेन्सिल घेतली,
आपल्या ओळीवर काट मारली,
वरच्या ओळीखाली रेघ ओढली.
"पती किंवा पत्नी. पप्पाला ने.
मी येते नंतर, माझ्या पैशानं."

तो हसला. "मला कशाला? मला पोहायला येत नाही."

तिकीट की रोख, असे दोन चौकोन होते.
मी रात्री एकात खूण केली,
सकाळी ते पान त्याच्या डब्याखाली ठेवलं,
काही बोलले नाही.

संध्याकाळी तो उशिरा आला.
टेबलावर आठ फोटो मांडले, पासपोर्टचे,
पांढऱ्या पडद्यासमोर,
गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मिशी कोरलेली,
शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखा.

"फॉर्मात पोहायचं विचारलालेत का?"

नाही, मी म्हणाले.
वजन विचारतात.
तेही सामानाचं.