दर वीस मिनिटांनी

उम्म अल क्वैनच्या खाडीशी
खारफुटीकडे पाठ करून
एक विमान उभं आहे, चाकं काँक्रीटमध्ये पुरून.
पार्कवाल्यांनी त्याला फिकट निळा रंग दिलाय
आणि नाकावर पापण्या काढल्यात.
लांब पापण्या. फारच लांब.
सगळा जन्म ओझी वाहण्यात गेलेल्या बाईला
कुणी दुसऱ्याच्या लग्नात बळंच नटवावं,
तसं दिसतं ते लांबून.

मी त्याला थंड ठेवतो.
ओळखपत्रावर 'एसी तंत्रज्ञ' आहे,
काम एवढंच :
पोटाखालच्या जाड पिवळ्या नळीतून
बावीस अंश आत ढकलत राहायचे.
जुलैत नळी तासभर बंद पडली
तर सीटांना वास सुटतो.
जुना घाम. कापड बदललं, स्पंज बदलला,
तो उतरायला तयार नाही.

दर वीस मिनिटांनी उड्डाण होतं.
मारिसेल पट्टे तपासते,
खिडक्यांच्या पडद्यांवर ढग लागतात,
मजला थरथरतो,
आणि मुलं किंचाळतात, खरंच पडत असल्यासारखी.
नऊ मिनिटांत आपण पोचतो.
कुठे, ते कुणी विचारत नाही.
दार त्याच बाजूला उघडतं
जिथून आत आलो होतो.

माझे थोरले चुलते, याकूब हमदुले, राहणार फुणगूस,
अशाच एका विमानातून पहिल्यांदा इकडे आले.
त्यांचं सगळं विमानज्ञान एका वाक्याचं :
"बाला, ढग खालती ऱ्हातात, आन् पाणी पेलाभरच देतात."
दुबई, शारजा, रास अल खैमा,
एकोणीस वर्षं बांधकामाला पाणी मारलं.
परतताना मात्र त्यांना
ढग कुठे होते ते दिसलं नाही.
होल्डमधून गेले. कागदांना अकरा दिवस,
आणि भाडं किलोच्या भावाने.

या विमानाच्या होल्डमध्ये आता चेंडू आहेत.
प्लास्टिकचे, पाच रंगांचे, मुलांच्या छातीपर्यंत.
तीन वर्षांखालच्यांना मोफत.
गेल्या डिसेंबरात धुवायला सगळे बाहेर काढले
तेव्हा तळाच्या पत्र्याच्या फटीत
एक चिठ्ठी सापडली. सामानाची, दोऱ्याची, अर्धी.
'मुंबई' एवढं लागलं.
आणि वजन : एकशे चार.

मी उकिडवा बसून राहिलो तिथे.
एकशे चार म्हणजे पेटीसकट एक माणूस.
धिप्पाड नव्हे, बेताचा.
वरून मारिसेल ओरडत होती, चेंडू टाकू का?

मग वाटलं, फ्रीज असेल.
न्यायचे ना लोक तेव्हा फ्रीज,
टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, पावडरचे डबे एकात एक कोंबून.
फ्रीजच असेल.
पांढरा, एका दाराचा,
साखरप्याच्या पुढे कुठल्याशा वाडीत
विजेच्या आधी सहा वर्षं पोचलेला.
त्यात त्यांनी ठेवणीतले कपडे ठेवले असतील,
जमिनीची कागदपत्रं, एखादी अत्तराची कुपी,
आणि पाहुणे आले की दार उघडून दाखवलं असेल.
उघडताना येणारा तो चिकट आवाज
पोरांनी पुन्हा पुन्हा ऐकला असेल.

फ्रीज, असं ठरवून
चिठ्ठी परत त्याच फटीत सरकवली.
वरून चेंडू आले, आधी लाल, मग सगळे.

रात्री शेवटच्या खेळाआधी अम्मीचा फोन येतो.
मागचा घरघराट ऐकून विचारते, कुठं हायस?
मी म्हणतो, इमानात.
इमान हलत नाही हे तिला ठाऊक आहे,
फोटो पाठवलाय, पापण्यांना हसली होती.
तरी म्हणते, "उतरलास का कलव."
आणि नंतर बराच वेळ
तिचा हिरवा ठिपका विझत नाही.

मी बावीसचे एकवीस करतो.
शेवटच्या उड्डाणाला मुलं घामेजून येतात.