चिकटवलेलं पान

गुदैबियाच्या गल्लीत, कोल्ड स्टोअरच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही पुस्तकं वाचतो. म्हणजे मी वाचते,
शर्वाणी पानं उलटते, बहुतेक वेळा माझ्याआधी.

तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला टॅब्लेट. त्यावर चौसष्ट चौकोन.
नवा होता तेव्हा कुणा परक्या बाईच्या सुरात बोलायचा,
वरणाला सूप म्हणायचा,
आणि कंटाळा हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता.
मग एका शुक्रवारी, घरघर नको म्हणून एसी बंद करून,
घामाघूम होत आम्ही एकेक शब्द भरला.
"पाणी" तिच्या बाबाचं, भट्टीवरच्या रात्रपाळीहून आलेलं, घोगरं.
"नको" माझं.
तेव्हा सुचलं नाही
की यापुढे दिवसातून चाळीस वेळा
मीच मला नको म्हणणार आहे.

वाचनालयातल्या गोष्टींत तिच्यासारखी मुलं असतात.
आता असतात, पूर्वी तीही नव्हती.
एक मुलगा डोळ्यांनी अक्षरं निवडतो,
एक मुलगी चित्रांची वही घेऊन हरवलेलं कासव शोधते.
आवडतात मला ती. पण पुष्कळदा
शेवटच्या पानावर काहीतरी होतं:
वादळ येतं, धाकटा भाऊ विहिरीपाशी जातो
आणि मुलगी ओरडते. तोंडाने.
सगळे रडतात, मिठ्या मारतात.
वहीचं पुढे काय झालं, चित्रकार दाखवत नाही.

कासवाच्या गोष्टीतलं ते पान मी डिंकाने चिकटवलं.
दुपारी, ती झोपलेली असताना,
चोरासारखी.
दंड दीड दिनार होईल. होऊ दे.

खरं तर या गावात तोंडाचं एवढं काय कौतुक?
खुबूसवाले अफगाण आजोबा पीठ लागलेली तीन बोटं वर करतात,
मी पाच करते, व्यवहार संपतो.
हिचा बाबा पहिल्या वर्षी भट्टीवर
फिलिपिनो जोडीदाराशी हातमोज्यांसकट हातांनी भांडला,
समेटही तसाच.
खालचे बशीरका मल्याळी, मी मराठी,
हिंदी दोघांचीही उधारीची.
हिच्या चौकोनांशी मात्र त्यांचं सरळ जमतं.
ती "थंड" दाबते, ते लबानची बाटली काढतात,
ती "नको" दाबते, ते माझ्याकडे बघतात,
आवाज माझा ना.
मी मान हलवते: मी नाही, ती.

काल शमाल सुटला. समोरची मशीद धुळीत विरघळली,
शाळा बंद. मी खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होते
आणि मागे टर्र आवाज झाला.
नखाने उचकटून उचकटून
तिने पान सोडवलं होतं.
मुलीचं उघडं तोंड तेवढं
अलीकडच्या पानाला चिकटून राहिलं,
चेहऱ्यात एक पांढरं भोक.

शर्वाणीने भोकाकडे पाहिलं. बराच वेळ.
मी उत्तरं जुळवत होते, सगळी एकदम, एकही धड नाही.
तिने दाबलं: "कुठे?"

तोंड इथे आहे, मी म्हणाले, हे बघ, या पानावर.
"नको," मी म्हणाले. म्हणजे ती म्हणाली.
मग तिने सगळी पानं उलटी नेली, पहिल्यापर्यंत,
कासवावर बोट ठेवलं,
परत शेवटाला आली. "कुठे? कुठे?"

मी शोधलं. मिठ्यांत, विहिरीमागे,
आईच्या ओच्यात, ढगांखाली.
नव्हतं. ज्याच्यासाठी सगळे निघाले होते
ते विसरूनच गेले होते सगळे.
मीसुद्धा, डिंकाची बाटली हातात घेऊन.

संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही खाली गेलो.
चौसष्टही चौकोन भरलेले, एक काढावा लागला.
"सॉरी" काढला. तो तिने कधी दाबलाच नव्हता.
बशीरकांनी गिऱ्हाईक थांबवून, घसा खाकरून,
तीनदा चुकून, चौथ्यांदा म्हटलं: "कासव्."
शेवटचा व अर्धाच.

तेव्हापासून दाबते आहे.
जिन्यात, लिफ्टमध्ये, आंघोळीच्या बादलीपाशी.
कासव् कुठे. कासव् कुठे.
बाबा कामावरून आला, बूटही न काढता
पलंगाखाली वाकून बघतोय.