वास थांबेल का

उलानबातरच्या उत्तरेला, चढ सुरू होतो तिथे
माझं औषधांचं दुकान.
वर टेकडीभर गेर, दर गेरला एक धुराडं,
आणि नोव्हेंबरपासून सगळ्यांचा मिळून एकच धूर.
दुपारी तीनला मी दिवा लावते.
काच आतून पुसते, मग आठवतं, मळ बाहेरून आहे.

गिऱ्हाईक आत येतं,
पापण्यांवरचं हिव वितळेपर्यंत थांबतं
आणि विचारतं, याने वास थांबेल का?

नाही. धूळ थांबते.
काजळी, राख, आणि केसाच्या जाडीचे तीस भाग केले
तर त्यातल्या एकाएवढा कण,
तोही थांबतो बहुतेक.
ही नुसती चाळण नव्हे, मी सांगते,
धाग्यांत वीज भरलेली असते;
केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो,
तशी ती कण ओढते.
धुऊ नका. धुतलं की वीज जाते.

मुलांना अस्वलाच्या चित्राचा हवा असतो. तो संपला.
छोट्या तेमुलेनला मोठ्यांचाच दिला,
नाकापेक्षा मोती जड,
दोन्ही गालांशी खिडक्या उघड्या.
त्याच्या आईने मागे पट्टीला गाठ मारली.
आणि तुमच्या दाढीतून तर उंट जाईल,
असं ट्रकवाल्या गानहुयागला म्हटलं की तो हसतो,
त्याचा चष्मा धुरकटतो,
कुठून गळतंय ते मला तेवढ्यावरून कळतं.

म्हातारा ल्हामजाव हिशेबनीस होता,
बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत.
बारा मास्क घेतले त्याने, दोनदा मोजून.
हातमोजे काढून तार नाकावर दाबायला शिकला,
एक पट्टी डोक्यावरून, एक मानेवर,
फुंकर मारून कडा तपासायची.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तो म्हणाला,
इथे तर दोन्हींना कुलूप.
मग विचारलं, आणि वायू?
गंधकाचा आरपार जातो, मी म्हटलं,
कोळशाचा थर असलेला एक आहे, महाग,
तोही वासापुरता, काही तास.
कोळसा अडवायला कोळसा? नको.

ज्याला वासच नाही त्याचं
त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
मागे रांग होती. दार नीट लागत नव्हतं.

उणे चौतीसच्या रात्री
त्याने चुलीत कोळशाच्या विटा भरल्या,
ऊब जाऊ नये म्हणून धुराड्याची झडप
जवळजवळ मिटली,
आणि गेरमध्ये धूर वाटतो म्हणून
मास्क लावून झोपला.

नवव्या दिवशी सून आली, ओदोनचिमेग.
पाकीट काउंटरवर ठेवलं. अकरा.
बाराव्याचं मी विचारलं नाही, तीच म्हणाली,
तार नीट दाबलेली होती. कुठे फट नव्हती.
पैसे परत मिळतात का?
उघडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही,
असा कागद भिंतीवर आहे, माझ्याच अक्षरातला.
मी बाराचे पैसे दिले.
तिने एकाचे परत सरकवले.
तो वापरला ना, म्हणाली.

आता रांग असली तरी मी प्रत्येकाला थांबवते.
झडप उघडी ठेवा.
डोकं दुखलं, मळमळलं, तर आधी दार उघडा,
थंडी येऊ दे आत.
मास्कला ते कळत नाही, कुठल्याच, महागातल्याही.
लोक माना डोलावतात आणि पट्टी ताणून बघतात.

शिट्टी वाजवणारी यंत्रं आली आहेत,
पांढरी, तळहाताएवढी,
एकाच्या किमतीत तीस मास्क येतील.
चार विकली गेली. एक मी माझ्या पलंगाशी टांगलं.
परवा पहाटे ते वाजलं.
बॅटरी संपत आली होती, इतकंच.
तरी मी उठून दार उघडलं,
मास्क न लावता उंबऱ्यात उभी राहिले,
आणि नाकभर आला तो वास,
विटांचा, गंधकाचा, सगळ्या टेकडीचा.
बराच वेळ घेत राहिले.