छत्तीस पाकिटं

ग्रिम्सबी. मंगळवारचा रात्रवर्ग, आठ जण.
मॉरीनने फॅक्टरीतून वजनं लिहून आणलीत,
हॅडॉकची छत्तीस पाकिटं,
कागदाला अजून वास.
सरासरी तीनशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम. प्रमाण विचलन सहा.
लेबल म्हणतं, चारशे.

शितावरून भाताची परीक्षा, एवढं मी घरून शिकून आले होते;
शितं किती, ते कुणी सांगितलं नव्हतं.
फळ्यावर विश्वास अंतराल मांडते:
तीनशे शहाण्णव ते चारशेला जेमतेम ओलांडून.
पंच्याण्णव टक्के.

"म्हणजे खरी सरासरी यात असण्याची शक्यता..."
नाही, क्लाइव्ह. ती आहे तिथेच आहे,
हलतो तो आपला कंस.
असे शंभर टाकले तर पंच्याण्णवेकांत सापडेल.
हा उरलेल्या पाचांतला आहे का,
ते कंसाला विचारून कळत नाही.

रुंदी निम्मी हवी तर पाकिटं चौपट.
मॉरीन हसते. उणे वीसमध्ये कोण उभं राहणार?
मग तळहात उघडते:
"कमीच भरतात. एकोणीस वर्षं उचलतेय."

चारशे अगदी काठावर, पण आत.
मी मार्करला टोपण लावते.
त्या हाताचा एन किती धरायचा,
कोष्टकात नाही.
पहाटे पाचची पाळी म्हणून ती लवकर निघते.