हयातीचा दाखला

बँकेतल्या यंत्राने तिसऱ्यांदा नकार दिला.
उजवा अंगठा. डावा. मग तर्जनी.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काका, ओला रुमाल लावून बघा जरा.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
इंदूर, राजेंद्रनगर शाखा, नोव्हेंबरातले अकरा,
आणि मी हयात आहे याला पुरावा नाही.

एकतीस वर्षं मी पोकळी तयार केली.
असं सांगितलं की लोक हसतात.
खरं तर पोकळी करता येत नाही,
असलेलं काढत जावं लागतं:
आधी हवा, मग पाण्याची वाफ, जी पोलादाला
जुन्या भाडेकरूसारखी चिकटून असते.
तिला घालवायला नळी दोन-दोन दिवस भाजायची,
दीडशे अंशांवर, चांदीच्या कागदात गुंडाळून.
रात्रपाळीला सोलंकी म्हणायचा, भिया, दोन गराडू टाकू का आत?

मग त्या नळीतून इलेक्ट्रॉन धावायचे, गोल गोल,
आणि वळताना उजेड सांडायचे.
तो मी पाहिला एकदाच, पडद्यावर, दुरून:
निळसर ठिपका, काजळाच्या बोटाएवढा.

बोटाचा एक ठसा जरी आत राहिला
तरी काटा खाली उतरत नसे.
कुणाच्या तरी घामातलं तेल
आठवडाभर सुटत राहायचं हळूहळू.
म्हणून हातमोजे, त्यावर हातमोजे.
नव्या पोरांना सांगायचो,
आत काम करा, पण आत राहू नका.

शर्वाणी मॅडम शनिवारी शिकवायच्या,
कँटीनमागच्या बाकावर, डबा खाता खाता.
मी डिप्लोमावाला, अर्धं गणित डोक्यावरून जायचं.
कागदी रुमालावर आलेख, आलेखावर लोणच्याचं तेल.
म्हणाल्या, समजा शेवटचा रेणूही काढलात,
अंधार केलात, गोठवलंत,
तरी काहीतरी थरथरत राहतं. ते निघत नाही.
म्हटलं, मग मी केलं काय इतकी वर्षं?
पंप चालवला तुम्ही, काका. भात घ्या.

दत्ताच्या देवळात व्याख्यान ठेवलं माझं,
आधुनिक भौतिकी आणि अध्यात्म.
फळ्यावर नावाआधी चुकून डॉक्टर.
दिघे काका प्रास्ताविकातच वीस मिनिटं बोलले
की हे सगळं आपल्याला आधीपासून ठाऊक होतं.
टाळ्या.
मला ठाऊक नव्हतं. मी तेवढंच सांगू शकलो,
की आमच्या सगळ्यात चांगल्या दिवशीही
खडीसाखरेच्या एका खड्याएवढ्या जागेत
वीसेक लाख रेणू उरायचे,
आणि त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

मागून एक बाई उठल्या, पांढऱ्या स्वेटरातल्या.
म्हणजे जपासारखंच की हो, म्हणाल्या.
बसलं की दूध, गॅस, सुनेचं परवाचं बोलणं.
कधी काटा उतरतो थोडा. मग पेढा.
आणि गुडघा धरून खाली बसल्या.
टाळी कुणी वाजवली नाही.
इतकं अचूक मापन
मी एकतीस वर्षांत घेतलेलं नाही.

रुमाल लावला. पुसलं. पुन्हा अंगठा.
झिजलंय काका सगळं, मुलगा म्हणतो, काय काम करत होता?
ॲसिटोन, मी सुरू करतो, म्हणजे पोलादी नळ्या असतात ना,
तोवर तो वरून डोळ्यांचं यंत्र घेऊन येतो.
इकडे बघा. पापणी हलवू नका.
आत एक लालसर ठिपका.
मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे,
आणि क्षणभर खरंच कळत नाही
दाखला कुणाचा चाललाय.

हिरवा दिवा.
झालं, मुलगा म्हणतो, आता वर्षभर आहात.

बाहेर स्कूटरच्या आरशावर धूळ.
बोट टेकवणारच होतो.
मग सवयीने, बाहीने पुसला.