अंशतः खरे आहे

मच्छीमार सोसायटीच्या माडीवर, डिझेलच्या वासात
माझ्याकडे एक बासन आहे.
विश्राम डोर्लेकर, आमदार,
दहा वर्षं आणि वरचे चार महिने.
इस्माईल होडेकर खाली जाळं तुणतो,
मान वर न करता विचारतो,
"काय गो द्वारके, इकला गेला का नाय तो?
तू हिशेबवाली. तू सांग."

मी हिशेबवाली. म्हणून सांगत नाही, मोजते.

कंपनीबद्दल सभागृहात विचारलेले प्रश्न सात.
मला वाटलं होतं, एकही नसेल.
उत्तरं छापील, एकाच साच्यातली:
हे खरे नाही.
हे खरे नाही.
प्रश्न उद्भवत नाही.
सातही वेळा तो उठला,
सातही वेळा खाली बसला.
उपप्रश्न शून्य.
पाण्यात गळ सोडलेला सगळ्यांना दिसतो,
आमिष लावलं होतं का, ते
ओढणाऱ्यालाच ठाऊक.

जनसुनावणी, आडबंदर हायस्कूलचं पटांगण.
विरोधाचं भाषण त्याचंच, बावीस मिनिटं,
माझ्याकडे टेप आहे,
मध्ये एक कुत्रं भुंकतं, मग टाळ्या.
पण बंदराचं विधेयक मताला आलं
त्या दिवशीच्या यादीत
त्याचं नाव ना होयमध्ये, ना नाहीमध्ये.
छातीत दुखत होतं म्हणे.
दवाखान्याचं बिल मी पाहिलंय.
बिल खरं आहे.
छातीचं मला माहीत नाही.

खाडीपलीकडचा कातळ,
गट नंबर एकशे बारा ते एकशे तीस,
अधिसूचनेच्या अकरा महिने आधी विकला गेला.
जिथे गुरंसुद्धा थांबत नव्हती तिथे
घेणाऱ्यांत लांज्याची एक बाई,
त्याच्या मेव्हण्याच्या सासरची.
हा धागा मी कितीदा ओढून पाहिला.
ओढला की लांबतो,
तुटत नाही,
आणि त्याच्या दारापर्यंत पोचतही नाही.

मग गाळाचं काम.
आमच्या होड्यांना दीड वाव पाणी पुरे,
भांगाच्या ओहोटीलाही.
खाडी उपसली सहा वाव.
कागदावर लाभार्थी "स्थानिक मच्छीमार".
होडेकर हसला होता तेव्हा,
म्हणाला, आमच्या होड्या वाढीला लागल्या वाटतं.

आणि बर्फाचा कारखाना.
तोही त्याच्याच खात्यावर मांडावा लागेल, खोटं कशाला बोला.
मे महिन्यात सुरमई टोपलीतच मऊ पडायची,
व्यापारी नाक धरून भाव पाडायचा,
आता पाडत नाही.
पैसे कंपनीच्या सामाजिक निधीतले,
आमदारांच्या शिफारशीने,
धनादेश साडेअठरा लाखांचा.
पावतीवर सही द्वारका नाटेकर, सचिव.
निळी शाई,
द्वामधला वा नेहमीसारखा खाली घसरलेला.

हे पान पाच वर्षं मी बासनाच्या तळाशी ठेवलं.
आज सगळे कागद तारखेने लावतेय,
तर ते बरोबर मध्ये येतं,
त्याच्या भाषणानंतर,
त्याच्या छातीत दुखण्याच्या आधी.
त्या उन्हाळ्यात मोर्चा निघायचा होता.
आम्ही बर्फाची पूजा घातली.
पेढे मीच वाटले.

वहीत त्यांच्याच पद्धतीने लिहून ठेवते,
एक, आमदार विकले गेले हे खरे आहे काय;
दोन, असल्यास, कितीला, व त्या वेळी बाजारात आणखी कोण होते;
तीन, नसल्यास, खाडी इतकी खोल का?

पहिल्यापुढे लिहिते, अंशतः खरे आहे.
तिसऱ्यापुढे फक्त सहा वाव.
दुसऱ्यापुढे पेन थांबतं,
खाली यंत्र घरघरतंय,
लाद्या एकामागून एक घसरतायत.

होडेकर जिना चढून येतो, बोटांना सूत,
"चष्मा घरी ऱ्हायला. वाचून दाव."

कुठून वाचू?
तो म्हणतो, सुरुवातीपासून.
मी पावतीचं पान काढते.