कुरकुरणारा दोर

दिवाळी सरली. मंगळवार. खिशात कागद:
मडकी अकरा, सुरी एक, बांबूच्या नळ्या, चुना, दोर.
अक्षर माझं. यादी धाऊ हिलमची,
फोनवर, मधेमधे खोकत सांगितलेली.

पानशेतच्या अलीकडे, ओढ्याला लागून,
मेव्हण्याच्या बांधावर अकरा शिंद्या आहेत.
आजवर त्यांच्या नशिबी फक्त झाडू.
आता उत्पादन शुल्कवाल्यांनी
एकेकीच्या अंगावर नंबर घातलाय, पांढऱ्या रंगात.
मलाही होता एकदा, भोसरीत,
गेटवर रोज दाखवायचा.

बोहरी आळीत दुकानदार म्हणाला, प्लास्टिकचे कॅन न्या.
हलके. फुटत नाहीत. झाकण फुकट.
हातात घेऊन पाहिला, खरंच हलका.
धाऊला फोन लावला.
"त्यात रस झोपत नाही," तो म्हणाला,
"पहाटे जाल तर उठून बसलेला,
तोंड आंबट करून."
कॅन परत ठेवला.

कुंभारवाड्यात मात्र मला कुणी शिकवू नये.
छत्तीस वर्षं फौंड्रीत
ओतलेलं लोखंड ठोकून तडा ऐकत आलोय.
मडक्यांच्या राशीसमोर उकिडवा बसलो.
टक्.
टक्. टक्.
सहावं खोटं बोललं. बाजूला.
नववं बोललं, पण घुमलं नाही.
गोदाक्का पदराला हात पुसत बघत होती.
"लगीन हाय का घरात?"
नीरा काढणार, म्हटलं.
"आदी सांगायचं की! ह्यांचा गळा रुंद,
माशा पडत्याल," म्हणाली,
आणि आतून दुसरी रास आणून मांडली.
पुन्हा पहिल्यापासून. टक्.

नळ्या बुरूड आळीत, वजनावर नाही, बोटावर मोजून.
एक जास्तीची दिली, "पडतेच एखादी," म्हणून.

सुरीसाठी मंडईच्या मागं.
लोहारानं भाव सांगितला नाही, विचारलं,
कुठला हात?
डावा.
"मग धार ह्या अंगानं," एवढंच बोलून
त्यानं पातं पालथं केलं.
मी तिथंच उभा राहिलो जरा, भात्याच्या उबेत.
छत्तीस वर्षं उजव्या माणसांची यंत्रं चालवली,
खांदा अजून त्याची थकबाकी मागतो,
आणि इथं, दोनशे ऐंशी रुपयांत...
उद्या या, म्हणाला.
महिनाभरानं या म्हणाला असता तरी आलो असतो.

चुना शालननं आणला, पानवाल्याकडून, किलोभर.
"वहिनी, कात नको?" त्यानं विचारलं म्हणे.
ती हसली नाही. रात्री भांडी लावताना म्हणाली,
सोसायटीत काय सांगू? ताडी तर नव्हे ना ही?
सूर्य वर येईपर्यंत नाही, म्हटलं.
"आणि वर आल्यावर?"
मी मडक्याला आतून चुना फासत राहिलो.

दोर शेवटी घेतला. सगळ्यांत महाग तोच.
काथ्याचा, चार पदरी, हाताला ओरखडे काढणारा.
नायलॉन स्वस्त होता, निळाशार, गुळगुळीत.
पण धाऊनं बजावलं होतं,
नायलॉन सुटताना सांगत नाही,
काथ्या आधी कुरकुरतो.

सगळे झोपल्यावर पार्किंगमध्ये उतरलो.
खांब क्रमांक बारा, माझ्या स्कूटरमागचा.
दोर त्याच्याभोवती, माझ्या कमरेभोवती,
गाठ धाऊनं सांगितली तशी, दोनदा सोडून पुन्हा.
पाय खांबाला टेकवले.
आणि मग हात सोडायचे होते.

वॉचमन टॉर्च घेऊन आला.
"काका, काय चाललंय?"
काय सांगणार?
मागं रेलून बघतोय, म्हटलं.
तो टॉर्च विझवून बाजूला उभा राहिला.
दोर कुरकुरला.
मी ऐकलं, पुरतं ऐकलं,
आणि अजून थोडा मागं गेलो.